लेम्पी नावाची बाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही नीट जमत नव्हतं, आणि माझी ओळ डावीकडून सुरू झाली की उजवीकडे जाईपर्यंत खाली उतरते. गुरुजींच्या पट्टीनंही ती सरळ झाली नाही. हे ज्याच्या हाती लागेल त्यानं चुका पोटात घालाव्यात. मला बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. चारचौघांत माझा गळा बंद होतो, गावात मला मुकीच म्हणतात.

परवा माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "माय, माह्या नावाचा अर्थ काय हाये वो?" गुरुजींनी वर्गात सगळ्यांना नावांचे अर्थ सांगितले होते. कमलचा सांगितला, यशोदेचा सांगितला. हिच्यापाशी येऊन ते थांबले आणि म्हणाले, हे नाव नाहीच. पोरी हसल्या. माझ्या सासूबाई अंगणात बसून लाखोळीची डाळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "काई अर्थ नाई त्याचा. म्हनूनच तू जित्ती हायेस."

अर्थ आहे. इथं तो फक्त मला माहीत आहे. मुलीचं नाव लेम्पी. हे नाव मुळात ज्यांचं होतं त्या बाईंबद्दल लिहिते.

पोंभुर्ण्याहून आमच्या गावाला येणारा रस्ता जिथं जंगलातून बाहेर पडतो, तिथं मिशनचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक पडवी, मागं विहीर. लेम्पीबाई तिथल्या नर्स. त्या फिनलंड नावाच्या देशाच्या होत्या. गावाच्या लेखी गोरं माणूस म्हणजे इंग्रज, आणि इंग्रज गेल्यावर ही एकटीच काऊन राह्यली, असं लोक त्यांच्या तोंडावर विचारत. त्या म्हणत, "मी इंग्रज नाही. आमच्यावरही परक्यांचं राज्य होतं." यावर कोणाचा विश्वास बसत नसे. गोऱ्या माणसावर कोण राज्य करील?

बाई उंच होत्या, हाडानं मोठ्या. भुवया इतक्या फिक्या की जवळ गेल्याशिवाय दिसत नसत. त्यांना हसताना मी पाहिलं नाही. रागीट होत्या असं नाही, चेहऱ्याला ती सवयच नव्हती. मराठी त्या घाटाकडे कुठंतरी पुस्तकातून शिकून आल्या होत्या, आणि तिथं त्यांना सगळ्यांना 'आपण' म्हणायला शिकवलं होतं. दोन वर्षांच्या पोराला म्हणत, "आपण तोंड उघडावे." पडवीत बैल शिरला तर त्यालाही, "आपण बाजूला व्हा." बायका पदर तोंडात धरून हसत. पण बाई चिडल्या की पुस्तक सुटायचं आणि त्या आमच्यासारखं बोलायच्या. "काऊन नाई आणलं काल? आज मरून राह्यलं तं मले सांगता?" हे ऐकलं की माणसं घाबरायची. बाईंच्या तोंडून 'मले' निघालं म्हणजे काही खरं नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

रडणाऱ्या बायकांना त्या धीर देत नसत. समोर बसत, हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "रडून झाले की सांगा." मग वाट पाहत. कितीही वेळ. हे पुष्कळ बायकांना आवडलं नाही. माझी पहिली दोन मुलं गेली. दुसरं त्यांच्याच दवाखान्यात गेलं. मलाही त्यांनी तेच सांगितलं. मला रडू आलं नाही, आणि बोलताही आलं नाही. त्या समोर बसून राहिल्या, मी खाली बघत बसले, संध्याकाळ झाली. शेवटी उठून त्यांनी कंदील लावला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कामाला ये, पट्ट्या धुवायला माणूस पाहिजे.

अशी मी तिथं लागले. जखमेच्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, गुंडाळून ठेवायच्या. आम्ही दोघी दिवसचे दिवस एका पडवीत बसत असू आणि चार शब्दही होत नसत. मी बोलत का नाही, हे न विचारणारं ते एकच माणूस मला भेटलं. दुपारी त्या काळी कडू कॉफी करत. आपल्या देशात दातांत साखरेचा खडा धरून त्यावरून कॉफी पितात, असं त्यांनी सांगितलं. इथं त्या गुळाचा खडा धरत. मलाही एक खडा देत. कॉफी मात्र कधी दिली नाही. ती त्यांच्याकडे थोडीच असायची, आणि जवळचं वाटून टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. हे मी वाईट म्हणून लिहीत नाही. होतं तसं लिहिते.

तिसऱ्या वेळी मला मुलगी झाली. हे मूल आपलं म्हणून ठेवायचं नाही, हे सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं आमच्याकडे बारशाच्या दिवशी मूल उकिरड्यावर ठेवतात, आणि परक्या बाईला विकतात. ती सव्वा रुपया देते, नाव ठेवते, आणि सांभाळायला म्हणून मूल पुन्हा आईच्याच ओटीत टाकते. नाव ओंगळ पाहिजे. कचरी, धोंडी, असं काही. मरणाला वाटलं पाहिजे की ही कोणाच्या कामाची वस्तू नाही. पुढे मूल मोठं झालं की जावळ काढायच्या आधी आईबापांनी तेवढेच पैसे परत करायचे आणि त्याला सोडवून घ्यायचं. तोवर ते मूल विकत घेणारीचं. हा खेळ नसतो. सोडवलं नाही तर त्याचं जावळ नाही, देवक नाही, आपल्या घरातून लग्न नाही.

पोंभुर्ण्याची चुडीवाली घ्यायला येणार होती. तिनं आजवर पुष्कळ पोरं अशी विकत घेतली होती. त्या दिवशी तिला ताप भरला आणि ती आली नाही. मूल उकिरड्यावर, वर ऊन, बायका वाट बघत उभ्या. तेवढ्यात बाई पिशवी घेऊन बाळाचं वजन करायला आल्या. त्यांनी उकिरड्यावरचं पोर पाहिलं, कोणाला काही न विचारता सरळ उचललं आणि अंगावरचा कचरा झाडला.

सासूबाई म्हणाल्या, "उचललं ना जी बाई तुमी? आता घ्या इकत."

बाईंनी सगळं समजून घेतलं. दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "किती?"

"सव्वा रुपया."

"फार कमी आहे," बाई म्हणाल्या. बायका हसल्या. बाईंनी बटव्यातून पैसे काढून दिले.

"आता नाव सांगा जी. ओंगळ पायजे हं. तुमच्यापाशी असंल त्यात सगळ्यात ओंगळ."

बाई बराच वेळ पोराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेम्पी."

"म्हंजे काय जी?"

"काही नाही."

"काई नाई, हे तं लय बेस," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराआडून बघत होते. गाव त्यांना मेमबाई म्हणायचं, त्यांचं नाव कोणी कधी विचारलं नव्हतं. पण त्यांच्या ट्रंकेवर ते मराठीतही रंगवलेलं होतं आणि मी ते रोज वाचत होते. बाईंनी माझ्या मुलीला स्वतःचं नाव दिलं. पुढे गावाला कळलं तेव्हा उलट सगळे खूश झाले, आणि मेमबाईची लेम्पीबाई झाली.

मुलगी जगली. बाई येता-जाता तिचं वजन करत. मी कामाला जाताना तिला घेऊन जायची, पुढे ती स्वतःच पळत जायला लागली. बाई तिच्याशी आपल्या भाषेत बोलत. माणसांशी न बोलणारी ती बाई त्या पोरीशी दिवसभर बोलायची.

दवाखान्यामागं बाईंनी लाकडांची एक बुटकी झोपडी बांधून घेतली होती. थंडीच्या दिवसांत त्या आत नदीचे दगड तापवत, दार लावून त्यावर पाणी ओतत, आणि त्या वाफेत बसून कडुनिंबाच्या डहाळीनं स्वतःला मारून घेत. आधीच चांद्याकडचा उन्हाचा मुलूख, त्यात ही कोंडून घेऊन भाजते, म्हणून गावात त्यावर पुष्कळ बोलणं झालं. कोणी म्हणायचं नवस आहे, कोणी म्हणायचं पाप असेल. एकदा मी पाणी भरून दिलं आणि बाहेर बसले. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. बाई लालबुंद होऊन बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून मला विचारता आलं. मी म्हणाले, "बाई, लेम्पीचा अर्थ काय?"

बाई म्हणाल्या, "आता म्हणतात, प्रेम. पाद्री तसं सांगतात. आधी ते नाव नव्हतं. आधी ती वस्तू होती."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलखात जुन्या काळी असं मानत की प्रत्येक मुलीच्या अंगी लेम्पी असते. ती जागी असली की मुलं त्या मुलीकडे बघतात, मागणी घालतात. एखादीला कोणी मागणी घातली नाही तर म्हणायचे, तिची लेम्पी झोपली आहे, नाहीतर कोणी चोरली आहे. मग म्हाताऱ्या बाया तिला अशाच झोपडीत नेत. तीन झऱ्यांचं पाणी आणत, पाल्याच्या जुडीनं तिच्या अंगावर हलके हलके मारत आणि तोंडानं मंत्र म्हणत. याला लेम्पी उठवणं म्हणत. मग ती जुडी छपरावर फेकायची. ती ज्या दिशेला पडेल त्या दिशेनं नवरा येणार.

"आपल्या हळदीसारखं," मी म्हणाले.

"तुमच्याकडे नवरा ठरल्यावर हळद लावतात. आमच्याकडे तो यावा म्हणून." त्यांनी दंडाला चिकटलेला निंबाचा पाला झटकला. "माझ्या आईच्या वेळेस लोक म्हणाले, परक्या संतांची नावं पुरे, आपल्या भाषेतली नावं ठेवू. राज्य दुसऱ्याचं, नावं तरी आपली. तेव्हा मुलींना अशी नावं ठेवायला लागले. माझ्या वर्गात चार लेम्पी होत्या. तिघींची लग्नं झाली."

त्या गुळाचा खडा शोधायला लागल्या. मी म्हणाले, "मग चांगलं नाव ठेवलं तुम्ही हिचं."

"तुझ्या सासूनं ओंगळ मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे तेच होतं."

मला ते लागलं. अजून लागतं. त्यांच्या आईनं त्यांच्यासाठी जे मागितलं, ते त्यांना कोणी दिलं नव्हतं, आणि आयुष्यभर लोकांनी त्यांना त्याच नावानं हाक मारली होती. तेच त्यांनी माझ्या पोरीला बांधलं. पण त्या पोरीकडे ज्या नजरेनं बघत, तीही मला दिसत होती.

मुलगी चार वर्षांची होत आली तेव्हा उन्हाळ्यात तिच्या डोक्यात गळवं झाली. मी माहेरी गेले होते, मुलीला सासूबाईंजवळ ठेवून. ती नेहमीसारखी दवाखान्यात पळाली. बाईंनी कात्री घेतली, सगळे केस कापले, औषध लावलं आणि केस चुलीत टाकले. तिचं पहिलं जावळ होतं ते. देवासाठी राखलेलं.

मी परतले तेव्हा घरात हे ओरडत होते. "तिनं विचारायचं तं होतं. देवाचे केस चुलीत टाकले तिनं."

सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोट्टी तिची हाये, केस तिचे. आपुन कोन बोलनारे?"

त्या घाबरल्या होत्या. मीही घाबरले. तोवर आमच्या मनात होतं की सोडवू सावकाश, घाई काय आहे. आता कळलं की मालकीण कोण ते.

सकाळी आम्ही नारळ, खण आणि सव्वा रुपया घेऊन गेलो. बाईंनी नारळ घेतला. खणाला हात लावून बघितला आणि घेतला. पैसे मात्र आमच्याकडे परत सरकवले. "पैसे नकोत."

"घ्या जी, रिवाज हाये."

"नकोत."

गावात ही गोष्ट पसरली आणि सगळ्यांनी बाईंची वाहवा केली. सव्वा रुपया सोडला म्हणे गरिबांसाठी, देवमाणूस. सासूबाई वाटेत मला म्हणाल्या, "सोडला नाई वो. धरून ठेवला." मला वाटलं, म्हातारी उगाच संशय घेते.

पुढे मला मुलगा झाला आणि तो टिकला. सासूबाईंनी आणखी दोनदा पैसे पाठवले, दोनदा परत आले. मग बातमी आली की मिशन दवाखाना बंद करणार, बाईंना त्यांच्या देशी परत बोलावलं आहे. बाई त्याच आठवड्यात आमच्या घरी आल्या. बाजेवर बसल्या. पाणी घेतलं.

"आता तुमच्याकडे मुलगा आहे," त्या ह्यांना म्हणाल्या.

"हाव जी, देवाची किरपा."

"मी पुढच्या महिन्यात जाते. माझी मुलगी माझ्याबरोबर येईल."

हे हसले. "तुमची कोनती मुलगी जी?"

बाईंनी अंगणाकडे बोट केलं. लेम्पी चिंचोके मांडून बसली होती. "सव्वा रुपया दिला. गावानं पाहिलं. परत घेतला नाही."

"बाई, तो तं रिवाज असते. कोनी खरंच नेते का?"

"मला रिवाज समजतो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच परत घेतला नाही."

हे उठून उभे राहिले. चांद्याच्या कोर्टात जाईन म्हणाले, पोलीस आणीन म्हणाले. सासूबाईंनी त्यांना खाली बसवलं. "कोर्टाले इचारून इकली होती काय? चूप बस. म्या इकली. हे बाई खरं बोलून राह्यली." मग त्या बाईंसमोर जमिनीवर बसल्या. "पैसे घ्या जी, माय. लय मोठं पाप पडन आमच्यावर. पैसे न देता ठेवली तं पोट्टी जगनार नाई, अन् देली तं मी जगनार नाई."

बाई म्हणाल्या, "ती माझ्याकडे जगेल. तिथं पाणी थंड आहे, शाळा आहे." आणि मग आमच्यासारखं, "मले कोनी नाई तिथं."

एवढं बोलून त्या गेल्या. मी चुलीपाशी उभी होते. एक शब्द बोलले नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

तो महिना कसा गेला ते लिहिता येत नाही. चोरून नेईल अशी भीती आम्हाला नव्हती. ती बाई चोरी करणारी नव्हती. भीती वेगळी होती. पैसे न घेता ती निघून गेली तर मुलगी राहणार इथं, पण तिची होऊन. न सुटलेली. सासूबाई रोज जात आणि रोज परत येत. मी कामाला जात राहिले, कारण पट्ट्या होत्याच. बाई दुपारी लोकर विणत बसत. लहान अंगाचा, जाड, निळा स्वेटर. त्याच्या बाह्या किती लांब हव्यात हे बघायला त्या लेम्पीला जवळ बोलावून हात मोजत, आणि ती आनंदानं हात पुढं करायची. मी समोर बसून पट्ट्या गुंडाळत असायची.

जायच्या दिवशी बाई पोंभुर्ण्याच्या मोटार अड्ड्यावर ट्रंकेवर बसल्या होत्या. स्वेटर मांडीवर. आम्ही सगळे गेलो. लेम्पीला धुऊन-पुसून नेलं होतं. माणसं जमली. सासूबाईंनी ह्यांना पुढं केलं. बाईंनी मान हलवली. मोटारवाला ट्रंक वर चढवायला घाई करत होता.

बाई ह्यांना म्हणाल्या, "आपण नको. सासूबाई पण नको." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग."

इतकी माणसं होती. बाई वाट बघत राहिल्या, हात मांडीवर ठेवून. मोटारवाला ओरडला तरी त्या हलल्या नाहीत. त्या दिवशीही त्या संध्याकाळपर्यंत बसल्या असत्या.

मी म्हणाले, "पोरगी माझी आहे, बाई. पैसे घ्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाल्या आणि हात पुढं केला.

ह्यांनी घाईघाईनं एक रुपयाची नोट आणि नाणी त्यांच्या हातात टाकली. नवे पैसे नुकतेच निघाले होते, कोणालाच अजून त्यांची सवय नव्हती. बाईंनी नाणी तळहातावर पसरली आणि एकेक मोजली. मग पुन्हा मोजली. मोटार सुरू झाली होती. त्यांनी मूठ मिटली असती तर कोणालाही कळलं नसतं. मुलगी कमी पैशात सुटली, म्हणजे सुटलीच नाही, हे फक्त त्यांना माहीत राहिलं असतं.

"हे वीस आहेत," बाई म्हणाल्या. "चार आण्यांचे पंचवीस होतात. पाच कमी आहेत."

ह्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी कमरेची गाठ सोडली, बोटांनी चाचपून पाच पैशांचं चौकोनी नाणं काढलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते बाकीच्यांत मिळवलं, बटव्यात घातलं, बटव्याची दोरी ओढली. लेम्पीकडे त्यांनी बघितलं नाही. स्वेटर काखेत धरून त्या मोटारीत चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि आम्हाला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "सव्वा रुपया. पूर्ण मिळाला."